डांबरावरचे तांडेल

माझे सासरे मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा ते माझ्यासमोर तिरके उभे राहिले. डावा खांदा माझ्याकडे आणि तोंड समुद्राकडे. मला वाटलं, मुलगा पसंत नाही. माझ्या आईला वाटलं, पाहुण्यांची मान अवघडली असेल, म्हणून तिने आत जाऊन खोबरेल गरम करायला ठेवलं. लग्न ठरल्यावर कळलं की हे त्यांचं नेहमीचंच. "वाऱ्याला छाती दाखवू नये, खांदा दाखवावा," एवढं एकच तत्त्व त्यांनी जन्मभर पाळलं. वारा या सदरात ते पोलीस, पुढारी, नातेवाईक, सरकारी साहेब आणि होणारे जावई या सगळ्यांना धरत. कुणी तावातावाने बोलायला लागलं की मामा हळूच वळत, आणि बोलणाऱ्याला त्यांचा कान तेवढा दिसत राही.

मी त्यांना मामा म्हणायचो. बाकी सगळी चिंचणी त्यांना तांडेल म्हणे, आणि त्यात निम्मी चेष्टा असे. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. मामांचे वडील खरेखुरे तांडेल होते. वाढवणपासून डहाणूच्या खाडीपर्यंत त्यांच्या शब्दावर होड्या निघत. मामांना मात्र बोट लागायची. मच्छीमाराच्या पोराला बोट लागावी म्हणजे हलवायाच्या पोराला गोड बाधण्यासारखंच. पहिल्या फेरीला ते निघाले तेव्हा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, ऐटीत बसले होते. परत आले ते बोंबलांच्या टोपलीत आडवे. किनाऱ्यावर बायका माल उतरवायला आल्या, तेव्हा एकीने टोपली उचलून बघितली आणि म्हणाली, "हा बोंबील जड हाय गो." ती बाई म्हणजे माझ्या सासूची थोरली बहीण. सोयरीक कशी जमली ते यावरून समजून घ्यावं.

पुढे वडील गेले. होडी कुजली, मोडली, तिच्या फळ्या सरपणात गेल्या. नाळेचं लाकूड तेवढं मामांनी घरामागे माडाला टेकवून ठेवलं होतं. आणि त्यांनी ट्रक घेतला. लढाई संपल्यावर मिलिटरीने लिलावात काढलेल्यांपैकी एक, चपट्या तोंडाचा, पुढून बघितला तर भिंतीवर आपटलेल्या बेडकासारखा. पेट्रोल असं प्यायचा की चिंचणीत जास्त ताडी पिणाऱ्या माणसाला 'तांडेलाचा ट्रक' म्हणायची पद्धत पडली. जाताना त्यात सुके बोंबील भरायचे, डहाणू, तलासरी करत पार वापीपर्यंत. येताना तलासरीकडच्या डोंगरातलं गवत.

आता मामा समुद्रापासून सुटले असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी फक्त पाणी सोडलं होतं.

ट्रक निघायचा तो भरतीला. सकाळी असो की भर दुपारी, खाडीत पाणी चढल्याशिवाय ते चावी लावत नसत. "सुक्यावर नाव सोडतं का कोणी?" बोंबीलवाल्या बायकांना हे पाठ होतं, त्या तिथी बघून टोपल्या आणत. पंचाईत व्हायची ती डहाणूच्या व्यापाऱ्यांची. ते बिचारे घड्याळ बघत बसत.

पावसाळ्यात किनाऱ्यावर होड्या ओढून घेतात, झावळ्यांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पुनवेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात घालतात. मामांनी ट्रकलाही तेच कलम लावलं. मिरगाच्या आधी ट्रक दारात चढायचा, चाकांखाली ओंडके जायचे, वर झावळ्या. लाकडी अंगाला होडीसारखं माशाचं तेल. मी नवा जावई, कचेरीत नोकरीला, चार बुकं शिकलेला. मी एकदा समजावायला गेलो.

"मामा, ट्रक काय पाण्यात जात नाही."

"म्हणून तर पावसात बाहेर काढत नाय," मामा म्हणाले, आणि वळले.



तेवढ्यात एका राज्याची दोन राज्यं झाली. तलासरीच्या पलीकडे काल ज्या वळणावर मामा लघवीला थांबायचे तिथे हद्द आली. अलीकडे आपला नाका, थोडं पुढे गेलं की त्यांचा. मामांना याचं फार काही वाटलं नाही. "वळण दुसरं शोधलं," एवढंच म्हणाले. पण दोनदा थांबायचं म्हणजे दोनदा इंजिन बंद आणि दोनदा चालू, आणि त्या प्रत्येक वेळी ट्रक घोटभर जास्त पिणार. पेट्रोल वाचवायचं मामांच्या मनाने घेतलं ते तेव्हापासून.

त्यांचा विचार सरळ होता. होडी वारा फोडते, कारण तिला नाळ असते. ट्रक वारा ढकलतो, कारण त्याला तोंडच आहे, नाक नाही. ढकलायला पेट्रोल लागतं. तेव्हा ट्रकला नाळ हवी. वाढवणहून होड्या बांधणारा सुतार आला. माडाला टेकवलेलं वडिलांच्या होडीचं लाकूड त्याने तासलं, दोन बाजूंना फळ्या जोडल्या, आणि ते प्रकरण बोल्ट मारून ट्रकच्या तोंडावर बसवलं. मामांनी नाळेला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. संध्याकाळी मी गेलो तर दारात अर्धी होडी अर्ध्या ट्रकला गिळत उभी होती.

"कशी काय दिसते?" मामांनी विचारलं.

मी म्हणालो, "लांब दिसते."

ते माझ्या तोंडून सहज गेलं होतं. पण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दावर झालं.

नाळेने पहिलं काम केलं ते इंजिनाचा वारा अडवण्याचं. प्रत्येक चढाला ट्रक तापायचा, मामा थांबून पाणी पाजायचे. "पेट्रोल वाचवायचं तर पाणी लागणारच," ते म्हणत. दुसरी अडचण नाक्यांवर आली. आपल्याकडचा शिपाई म्हणाला, हे गाडीचं अंग, म्हणजे गाडी नियमापेक्षा लांब. पलीकडचा म्हणाला, "आ तो माल छे, काका. माल आगळ बहार न नीकळे." म्हणजे हा माल, आणि माल गाडीच्या पुढे यायला नको. गंमत अशी की राज्यं वेगळी झाली तरी दोघांकडे जुन्या मुंबई राज्याचंच नियमांचं पुस्तक होतं. मामा दोघांनाही खांदा दाखवून उभे राहत. मग वाऱ्याची दिशा बदले, सुक्या बोंबलाचा आणि माशाच्या तेलाचा एकत्र वास शिपायाच्या नाकात जाई, आणि तो हातानेच 'जा' म्हणे.

पण पासिंग काही वासावर होत नाही.

वर्षातून एकदा गाडी साहेबाला दाखवून पास करून घ्यावी लागे. ठाण्याहून इन्स्पेक्टर महिन्यातून एक दिवस डहाणूच्या मैदानात येत. टेप धरायला त्यांना माणूस लागे, आणि तो मामलेदार कचेरीतून उसना दिला जाई. तो मी. घरी मी सांगत असे की माझ्याशिवाय कचेरी चालत नाही. कचेरीत विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की महिन्यातून एक दिवस उत्तम चालते.

त्या दिवशी साहेबांनी मामांना सकाळी बोलावलं होतं. मामा दुपार कलल्यावर आले. भरती तेव्हाची होती. साहेब घाटावरचे, साताऱ्याकडचे, सडसडीत, सभ्य माणूस. समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच की डहाणूला उतरले की ते नाकाला रुमाल लावत आणि ठाण्याला पोचल्यावर काढत. त्यांनी ट्रककडे बघितलं. रुमाल आपोआप खाली आला.

"हे काय आहे?"

"नाळ," मामा म्हणाले.

"कशासाठी?"

"पेट्रोल वाचवायला."

साहेबांनी मला खूण केली. मी टेपचं टोक घेऊन पुढे गेलो आणि तिथे अडखळलो. टोक धरायचं कुठे? नाळेच्या टोकाला की ट्रकच्या जुन्या तोंडाला? मैदानात डहाणूतले सगळे ट्रकवाले उभे होते, आणि मी कुणाचा जावई हे त्या सगळ्यांना माहीत होतं. हात मधेच लटकत राहिला.

"टोकाला धरा जावईबापू, टोकाला," मामा म्हणाले. "नाव मोजायची तर नाळेपासून. माझ्या बापाची नाव कुणी आखूड मोजली नाय."

मी टोकाला धरलं. ट्रक हातभर जास्त भरला.

साहेब म्हणाले, कापावं लागेल. मामा तिरके झाले. साहेब त्यांच्या तोंडासमोर येण्यासाठी एक पाऊल सरकले, मामा तेवढे वळले. असे ते दोघं एकमेकांभोवती अर्धा फेर फिरले. शेवटी साहेब मामांच्या खांद्यालाच म्हणाले, "तांडेल, नियमाने लांबी ती लांबी."

"साहेब, माणसाचं माप घेता तेव्हा नाक मोजता का?"

"माणसाची उंची मोजतात. लांबी नाही."

"मग याची उंची मोजा. बसते का नाय बघा."

ट्रकवाले हसले. साहेबही हसले असावेत, कारण त्यांनी रुमाल पुन्हा वर नेला. मग त्यांनी एक गोष्ट अशी केली की ती मी त्या काळात दुसऱ्या कुठल्या साहेबाला करताना बघितली नाही. ते म्हणाले, "याने खरोखर पेट्रोल वाचत असेल तर मी वर लिहितो. पेट्रोल वाचवणारी जोडणी म्हणून सूट मागतो. पण दाखवा मला. तलासरीपर्यंत जाऊन यायचं. एकदा नाळ लावून, एकदा काढून."

टाकी गळ्यापर्यंत भरली. परत आल्यावर डब्याने मोजून पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, जितकं आत जाईल तितकं ट्रकने खाल्लं. रिकामा ट्रक, पुढे मामा आणि साहेब, मागे मी आणि मामांनी बरोबर आणलेला सुतार.

पहिली फेरी नाळेसकट. मामांचा आनंद मावत नव्हता. सरकार शेजारी बसलंय, वडिलांची नाळ पुढे वारा फोडतेय, रस्त्यावरचे लोक थांबून बघतायत. त्यांनी ट्रक असा सोडला की मी आणि सुतार मागच्या फळ्यांवर एकमेकांना धरून होतो. चढावरही त्यांनी पाय उचलला नाही. "कापतंय बघा, साहेब, वारा कापतंय," असं त्यांचं ओरडणं मागे ऐकू येत होतं. साहेबांचं काहीच ऐकू येत नव्हतं. तलासरीला उतरले तेव्हा त्यांचा रुमाल कुठेतरी वाटेत वाऱ्यानेच कापून नेला होता.

डहाणूला येऊन पेट्रोल भरलं. मग सुताराने बोल्ट सैल केले आणि नाळ उतरवून मैदानात गवतावर ठेवली. ट्रकचं चपटं तोंड पुन्हा उघडं पडलं. मामांनी ते बघितलं मात्र, आणि खांद्यावरचा पंचा घेऊन उगाच हात पुसत बसले.

दुसरी फेरी मी विसरणार नाही. ट्रक असा चालला होता की वाटेत एका बैलगाडीवाल्याने आम्हाला मागे टाकून वर वळून विचारलं, "कोण गेलं?" उतारावर मामा इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून देत, जणू आता कुठे पोचलो काय, न पोचलो काय. मामा मधेच सुस्कारा टाकत, आणि तो सोडताना ट्रक आणखी थोडा मंदावे.

परत येऊन पेट्रोल मोजलं. नाळ असताना जास्त गेलं होतं आणि नसताना कमी.

मामांनी डब्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"पहिल्या फेरीला तुमचं वजन होतं, साहेब."

"दुसऱ्या फेरीलाही मीच होतो."

"दुसऱ्या फेरीला तुम्ही उपाशी होता."

साहेबांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "पुढच्या महिन्यात येईन. ही हातभर लांबी तेव्हा दिसली तर गाडी पास नाही. पास नाही म्हणजे रस्त्यावर नाही. तांडेल, ट्रक हवा की नाळ, ते तुम्ही ठरवा."

घरी येऊन मामांनी ते ठरवायचंच टाळलं. नाळ परत बसवली आणि सुताराला करवतीसकट ठेवून घेतलं. रोज सकाळी सुतार विचारी, "कापू?" कधी अमावास्या आडवी आली, कधी वारा पडला होता, कधी उधाण होतं आणि उधाणाला नावेला लोखंड लावत नाहीत असा शोध मामांनी लावला. सुतार दोन वेळ जेवत होता आणि करवतीला धार लावत होता. मी सुचवलं की नाळ काढून घरात ठेवावी, रोज नमस्कार करावा. मामांनी मला खांदासुद्धा दाखवला नाही, पूर्ण पाठ दाखवली.

"त्या नाळेवर बसलेले असतानाच बाबांना बोट लागली होती," माझी बायको मला नंतर म्हणाली. "आजोबा त्यांना एक शब्द बोलले नाहीत. टोपलीतून उचलून घरी आणलं. त्यानंतर बाबा त्या नाळेवर कधी चढले नाहीत. आता रोज तिच्यामागे बसतात."

कचेरीतल्या पुस्तकात यासाठी कलम नव्हतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. सासूबाई तव्यावर बोंबील टाकत होत्या. मामा ताटातल्या भाताचे डोंगर करत होते. सुतार तिसऱ्यांदा भाकरी मागत होता. त्या भाकरीबरोबर सासूबाईंचा धीरही बहुधा संपला असावा.

"अवो तांडेल," त्या तव्याकडे बघतच म्हणाल्या, "ट्रक रस्त्यावर नाय आला तर हे बोंबील काय मी डोक्यावर वापीला नेऊ? नाक एवढं लाडकं असेल तर शेपूट कापा. सरकारला काय, हातभर कमी झाल्याशी कारण."

हा टोमणा होता. घरात सगळ्यांना कळलं की हा टोमणा आहे. सुतारालाही कळलं. एकट्या मामांना कळलं नाही.

त्यांनी हातातला घास खाली ठेवला, आणि सासूबाईंकडे वळले. खांद्याने नाही. छाती, तोंड, डोळे, सगळे समोर. माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं. "अहो, बाबा समोर बघतायत."

सुताराने उरलेली भाकरी हातातच खाल्ली आणि करवत उचलली. अंधार पडायच्या आत ट्रकच्या हौद्याचा मागचा हातभर भाग अंगणात पडला होता.

दुसऱ्या दिवशी, अर्थात भरतीला, ट्रक मैदानात आला. कुणी सांगायची वाट न बघता मी नाळेच्या टोकाला टेप धरली. साहेब दुसरं टोक घेऊन मागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी वाकून बघितलं. ते ताज्या कापलेल्या लाकडाकडे बघत उभे होते. मग त्यांनी टेप ताणली, आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"तांडेल, मागे काय झालं?"

"शेपूट जास्त होतं, साहेब."

"माल कमी बसेल आता."

"बोंबील हाय. दाबून बसतो."

साहेब खाली बघून सही करत म्हणाले, "नियमात लांबी दिली आहे. कुठल्या बाजूने कापायची ते दिलेलं नाही."

"म्हणून तर नियम चांगला," मामा म्हणाले.

त्यानंतर ट्रकचं पेट्रोल खरंच वाचायला लागलं. हौदा आखूड झाला, टोपल्यांची एक रांग कमी बसायची, ओझं हलकं. मी कारकुनी डोक्याने हिशेब मांडून दाखवला की टोपलीमागे बघितलं तर उलट जास्तच लागतंय. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं, खांद्याने. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "जावयाने हिशेब केलाय. वाचतंय."

असा तो ट्रक आणखी बरीच वर्षं चालला. दरवर्षी पावसाळ्यात झावळ्यांखाली गेला, दरवर्षी पुनवेला नारळ फोडून निघाला. साहेब बदलून गेले, नवे आले, टेप तीच, टोक धरणाराही तोच. शेवटी एका पुनवेला नारळ फुटला पण इंजिन चालू झालं नाही. वापीहून भंगारवाला आला. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, लोखंड ठोकून बघितलं, नाळेपाशी थांबला आणि तोंड वाकडं केलं.

"काका, आ लाकडुं काढी लो. ए गाडीमां नथी गणातुं."

मामा त्याच्याकडे पूर्ण वळले. मला हाक मारली.

"जावईबापूंना सांग. काय म्हणालास ते परत सांग."

भंगारवाल्याने घाबरत घाबरत परत सांगितलं. हे गाडीत धरत नाहीत.

"बघा," मामा म्हणाले. "दोन राज्यांत एकाला तरी कळलं."

नाळ उतरवली आणि घराच्या पुढच्या भिंतीवर बसवली, पश्चिमेकडे तोंड करून. समुद्रावरून येणारा वारा फोडायला. त्याने घरात काय वाचतं ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी घरपट्टीच्या मोजणीला पंचायतीचा माणूस टेप घेऊन आला. नाळेसमोर उभा राहून त्याने डोकं खाजवलं. "हे घरात धरायचं का, तांडेल?"

मी आत जेवत होतो. मामांनी हाक मारली, "जावईबापू, टोक धरायला या." मी ताटावरून उठलो, हात धुतले, बाहेर येऊन सवयीने नाळेचं टोक धरून उभा राहिलो. मामा माझ्याकडे बघत नव्हते. ते मान वळवून घराच्या मागच्या बाजूकडे बघत होते, डोळे बारीक करून, अंदाज घेतल्यासारखे.

आतून सासूबाईंचा आवाज आला.

"माझी चूल मागल्या पडवीत हाय. आधीच सांगून ठेवते."